पाय मागे येतो, पण कुठे टोचलं ते बघून

शाळेत प्रतिक्षिप्त क्रियेचं, म्हणजे रिफ्लेक्सचं, ते एक चित्र सगळ्यांनीच काढलेलं असतं. टाचणी, पाय, तिथून एक बाण मेरुरज्जूकडे, मेरुरज्जूतून दुसरा बाण स्नायूकडे, बाजूला पट्टीने रेघा मारून नावं, झाले मार्क. आणि त्यातून डोक्यात काय बसतं तर टोचलं की पाय वर, बटण दाबलं की दिवा लागतो तसं. मी न्यूरो फिजिओथेरपीत, म्हणजे मेंदू-मणक्याच्या पेशंटच्या व्यायामोपचारात, काम करते, रोज कोणाचे ना कोणाचे तळवे हातात असतात, आणि खरं सांगायचं तर मला त्या चित्राचा जरा रागच येतो, कारण पाय असा वागतच नाही. तळव्यावर नक्की कुठे टोचलं, त्या क्षणी त्या पायावर वजन होतं का, माणूस चालत होता की आडवा पडलेला, तान्हं बाळ आहे की मोठा माणूस, ह्या सगळ्याचा हिशोब होतो आणि मग पाय कसा हलणार ते ठरतं. आणि हा हिशोब मेंदूची वाट न बघता बराचसा मेरुरज्जूतच, कमरेच्या जरा वर शेवटच्या बरगडीच्या आसपास उरकलेला असतो.

तसं ते चित्र खूप जुनं आहे. फ्रान्सच्या देकार्तने एक मुलगा काढला होता, पाय आगीजवळ, आणि पायापासून डोक्यापर्यंत गेलेला एक दोरा, तो दोरा ओढला गेला की मेंदूत एक छोटंसं छिद्र उघडतं आणि मग पाय मागे येतो अशी त्याची कल्पना. तो वारला १६५० ला, पुस्तक छापलं गेलं १६६२ ला. त्याने सगळा कारभार मेंदूकडे दिला होता. नंतरच्या लोकांनी बिचाऱ्या बेडकांवर प्रयोग करून दाखवलं की डोकं उडवलेला बेडूकसुद्धा पाय ओढून घेतो. मग १९१० मध्ये इंग्लंडच्या शेरिंग्टनने (नोबेल मिळालं त्याला पुढे १९३२ मध्ये) प्राण्यांवर खूप बारकाईने काम करून मांडलं की पायाला इजा झाली की खुबा, गुडघा, घोटा तिन्ही वाकतात आणि त्याच वेळी दुसरा पाय सरळ ताठ होतो, म्हणजे शरीर पडत नाही. शेरिंग्टनचं काम फार मोठं आहे पण पुस्तकांनी त्यातलं 'तिन्ही सांधे वाकतात' (घोटा वाकतो म्हणजे चवडा वर उचलला जातो) एवढंच उचललं आणि तेच पिढ्यान्पिढ्या चालू राहिलं.

आता जरा विचार करा. तुम्ही उभे आहात आणि टाचेखाली काटा आला. अशा वेळी चवडा वर उचलला तर काय होईल? सगळं वजन टाचेवर जाईल, काटा अजून आत. म्हणजे टाचेला टोचलं तर चवडा खाली दाबून टाच उचलायला हवी, आणि चवड्याला टोचलं तर नेमकं उलटं. पुस्तकातला रिफ्लेक्स जसाच्या तसा खरा असता तर अनवाणी चालणाऱ्या माणसाचं काही खरं नव्हतं.

१९६० साली स्वीडनमध्ये हे माणसांवर तपासलं गेलं, एकाच वर्षात दोन ठिकाणी. एकीकडे हागबार्थ, दुसरीकडे कुगेलबर्ग, एकलुंड आणि ग्रिम्बी. पायावर वेगवेगळ्या जागी छोटे इलेक्ट्रिक शॉक द्यायचे आणि कुठला स्नायू कधी आवळतो ते ईएमजीवर, म्हणजे स्नायूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या यंत्रावर, बघायचं. मिळालं काय तर, अंगठ्याखालच्या मांसल गादीला शॉक दिला की अंगठा वर, घोटा वर, गुडघा नि खुबा वाकलेला. तळव्याच्या खोलगट भागात दिला तर घोटा गुडघा खुबा तसेच वाकतात पण बोटं खाली मुडपतात. टाचेला दिला तर पाऊल खाली दाबलं जातं, पोटरी आवळते, टाच सुटते. आणि कुल्ल्यावर दिला तर पाय वाकतच नाही, उलट सरळ होतो, कमर पुढे जाते, म्हणजे बसता बसता खुर्चीवर टाचणी लागली तर आपण जसे ताडकन उठतो ना तेच. एकच रिफ्लेक्स नाहीये, बरेच आहेत, आणि प्रत्येकाचं काम एकच, जिथे लागतंय तेवढा भाग तिथून बाजूला करणं.

मग १९९९ मध्ये डेन्मार्कच्या ऑलबोर्गमध्ये ओले अँडरसन आणि त्यांच्या ग्रुपने अख्ख्या तळव्याचा नकाशाच काढला. पूर्ण तळव्यावर ठिकठिकाणी इलेक्ट्रोड चिकटवलेले, नडगीवर, पोटरीवर, मांडीवर ईएमजीचे इलेक्ट्रोड. अशा प्रयोगात साधारणपणे एक एक मिलिसेकंदाचे पाच पल्स इतक्या पटपट देतात की सगळं मिळून वीसेक मिलिसेकंदात संपतं आणि माणसाला एकच टाचणी टोचल्यासारखी वाटते. दोन शॉकमधलं अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवायचं, कारण ठरावीक ठेक्यात दिलं की मेरुरज्जूला सवय होते आणि प्रतिसाद बारीक होत जातो. (मला हे फार आवडतं, सवय लागायला मेंदूच लागतो असं थोडंच आहे.) नकाशात दिसलं की प्रत्येक स्नायूची तळव्यावर स्वतःची हद्द आहे. नडगीच्या स्नायूची हद्द पुढे आणि आतल्या बाजूला, पोटरीची टाचेकडे. चवड्याच्या आतल्या कडेला टोचलं तर पाऊल असं वळतं की आतली कड उचलली जावी, बाहेरच्या कडेला टोचलं तर बाहेरची. उंदरांमध्ये स्वीडनच्या लुंडमधल्या शाउएनबोर्गनी हेच १९९० च्या सुमारास दाखवलं होतं, की स्नायू आकुंचन पावल्यावर कातडीचा जो भाग धोक्यापासून दूर जातो, तोच भाग त्या स्नायूची हद्द. आतून नकाशा छापून ठेवल्यासारखं आहे सगळं.

वेळेचं गणितही बघण्यासारखं आहे. तळव्यापासून मेरुरज्जूच्या त्या भागापर्यंत मोठ्या माणसात साधारण मीटरभर अंतर. टोचल्याची खबर नेणारे दोन प्रकारचे तंतू, एक पातळ वेष्टण असलेले, सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावणारे, दुसरे वेष्टण नसलेले, सेकंदाला जेमतेम एखादा मीटर. पहिल्या प्रकाराच्या खबरीवर पाय हलतो, टोचल्यापासून अंदाजे सेकंदाच्या दहाव्या भागात नडगीचा स्नायू आवळलेला असतो. दुसरी खबर सेकंदभराने पोचते. उंबऱ्याला करंगळी आपटली की आधी एक झटका, पाय मागे, मग मध्ये एक क्षण असा येतो की आपल्याला माहीत असतं आता येणार आहे, आणि मग ती खरी कळ येते, डोळ्यात पाणी आणणारी. तो मधला क्षण म्हणजे सावकाश चालणारी खबर अजून वाटेत असते.

आता चालण्याचं बघू, कारण काटा काय आपण झोपलेलो असताना पायात जात नाही, तो चालतानाच जातो. गावाकडे रानातून येताना सराटा रुतला की लोक कसे वागतात आठवून बघा. पाय पूर्ण टेकवलेला, दुसरा पाय हवेत, अशा वेळी टेकलेला पाय झटकन उचलला तर माणूस तोंडावर आपटेल. तसं होत नाही. आधी दुसरा पाय भराभर खाली येतो, ताठ होतो, वजन घेतो, मग काट्याचा पाय सुटतो, ते डुचकणं सगळ्यांनी केलंय. इटलीत १९९४ मध्ये उभ्या माणसांवर हे मोजलं गेलं, त्यात ज्या पायाला टोचलं त्याच पायावर सगळं वजन असेल तर वाकवणारा प्रतिसाद दबलेला असतो आणि तोच पाय मोकळा असेल तर जोरात येतो. टोचणं तेच, तळवा तोच, पण उत्तर वेगळं. म्हणून टेबलावर आडवं झोपवून तपासलेला रिफ्लेक्स आणि रस्त्यावरचा रिफ्लेक्स ह्यात फरक असतो हे मी स्टुडंट्सना पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

मेंदूला काहीच काम नाही असंही नाही हां. तो वरून आवाज कमी-जास्त करत असतो. भीती वाटत असेल तर पाय जास्त जोरात ओढला जातो, आणि आपण मनाची तयारी करून गरम वाळूवर पाय ठेवला तर बऱ्यापैकी दाबूनही धरता येतो. गोव्यात शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, रात्री निखाऱ्यांवरून जातात, तिथे लोक म्हणतात पाय कसा मागे येत नाही. एक तर पाऊल क्षणभरच टेकतं आणि कोळसा, राख उष्णता सावकाश देतात, त्यामुळे तळव्याला पोचणारी उष्णताच वाटते तेवढी नसते, आणि दुसरं म्हणजे व्रत, उपास करून पूर्ण ठरवून आलेल्या माणसाचा मेंदू त्या वेळी खालच्या रिफ्लेक्सला गप्प बसवायला चांगलाच समर्थ असतो. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, मी फक्त पायाचं बोलतेय.

तळव्याला टाचणीच टोचली पाहिजे असं नाही, किल्लीने रेघ ओढली तरी चालतं, ती न्यूरोलॉजिस्टची फेमस टेस्ट. टाचेपासून बाहेरच्या कडेने वर आणि मग चवड्यावरून अंगठ्याकडे. मोठ्या माणसाची बोटं खाली मुडपतात. अंगठा वर गेला आणि बाकीची बोटं पंख्यासारखी पसरली तर मेंदूकडून खाली येणाऱ्या मार्गात कुठेतरी बिघाड. पॅरिसमध्ये जोसेफ बाबिन्स्कीने १८९६ मध्ये हे सांगितलं, तेही अगदी छोट्याशा टिपणात. आता वरचा नकाशा आठवा, निरोगी माणसातही अंगठ्याखाली टोचलं तर अंगठा वरच जातो. म्हणजे बाबिन्स्की साइन हे काहीतरी बाहेरून आलेलं भूत नाही, अंगठा वर करणाऱ्या स्नायूची जी छोटीशी हद्द होती ती वरचा धाक सुटल्यामुळे पसरून सगळ्या तळव्यावर आली, असं कुगेलबर्ग-ग्रिम्बी मंडळींचं म्हणणं. मला हे स्पष्टीकरण वाचलं तेव्हापासून किल्ली ओढताना वेगळीच मजा येते.

तान्ह्या बाळात अंगठा वर जाणं नॉर्मल, साधारण वर्षाच्या आसपास, कधी त्यानंतरही, बदलतं. पण बाळांचं खरं आश्चर्य वेगळं आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तळव्याला बारीक केसासारख्या तंतूने नुसतं शिवलं तरी पाय ओढला जातो, दुखायचीही गरज नाही, आणि परत परत शिवलं तर सवय होण्याऐवजी पाय अजून जोरात ओढला जातो. लंडनच्या मारिया फिट्झगेराल्डनी १९८० च्या दशकाच्या शेवटी हे दाखवलं, आणि हेही की एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) रक्त काढायला ज्या टाचेला सारखी टोचाटोची झाली तो पाय दुसऱ्या पायापेक्षा हलक्या स्पर्शालाही मागे जातो. त्या काळी बाळांना फारसं दुखत नाही असं समजणारे डॉक्टर होते. हे बाळांचे पाय बघितले असते तरी पुरलं असतं.

आणि नकाशा कुठून येतो? उंदरांच्या पिल्लांमध्ये सुरुवातीला तो चक्क चुकीचा असतो, शेपटीला गरम लागलं तर पिल्लू शेपटी बरेचदा गरम जागेकडेच नेतं. पहिल्या काही आठवड्यांत ते सुधारतं. शाउएनबोर्गच्या ग्रुपने २००३ मध्ये मांडलं की झोपेत पिल्लाचे स्नायू जे आपोआप फडफडतात त्यातून हे शिकणं होतं, एखादा स्नायू हलला की कातडीवर कुठला स्पर्श बदलतो ते मेरुरज्जू टिपत राहतो आणि जोडण्या दुरुस्त करतो. आपल्याकडे बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते म्हणतात. पाय कोण हलवतं ते काही ऐकलेलं नाही, पण उंदरांच्या हिशोबाने तो गृहपाठ चालू असतो.

खबरच पोचली नाही तर काय, हे डायबिटीसवाल्यांकडे बघून कळतं. चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि माणूस पुढे चालतच असतो, पत्ताच नाही. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून येतात आणि घरी आल्यावर मोजा काढताना फोड दिसतो. रिफ्लेक्सचं सर्किट जागेवर आहे, स्नायू ठणठणीत आहेत, फक्त आत येणारी वायर मेलेली. कुष्ठरोगातही पायाचं तेच होतं, वेल्लोरला पॉल ब्रँडनी १९४६ नंतर हे काम करून दाखवलं की बोटं आजाराने झडत नाहीत, दुखत नाही म्हणून लक्षात न येणाऱ्या जखमांनी जातात. आज डायबिटीसच्या पेशंटला आम्ही एमसीआरची (एका प्रकारच्या मऊ रबराची) चप्पल घ्यायला सांगतो, ती तिथूनच आलेली. डायबिटीस असेल तर वर्षातून एकदा तरी दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून कळतंय का ते बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे आणि अजिबात दुखत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. झाडावरून पडून मणका मोडलेले पेशंट आमच्याकडे बरेच येतात, नारळ, चिंच, कधी विहीर. सुरुवातीचे दिवस पाय एकदम लुळे असतात, तळव्याला काहीही करा, काही नाही, ह्याला स्पायनल शॉक म्हणतात. मग काही आठवड्यांनी एक दिवस हमखास कोणीतरी धावत येतं.

"मॅडम, लवकर या, ह्यांनी पाय ओढला! मी तेल लावत होते तर दोनदा ओढला!"

मी जाते. वहिनींचा, म्हणजे पेशंटच्या बायकोचा, चेहरा असा असतो की काही बोलावंसं वाटत नाही. तोपर्यंत व्हिडिओ गावाला गेलेला असतो, दिराने फॅमिली ग्रुपवर हात जोडलेले असतात. मी पेशंटला डोळे मिटायला सांगते आणि तळव्यावर बोट फिरवते. पाय टुणकन वर येतो, गुडघा वाकतो, अंगठा वर.

"दादा, काही कळलं का?"

"काय झालं मॅडम? लावला का हात?"

ह्या दोन वाक्यांच्या मध्ये वहिनींना सगळं समजतं, मला फारसं सांगावं लागत नाही. पाय हललाय हे खरं आहे. शॉक ओसरला, खालची मेरुरज्जू जागी झाली, तिचा नकाशा तिच्याजवळ आहे, काम करायला ती तयार आहे, फक्त वरच्याशी तिचं बोलणं तुटलंय. उलट वरून दाबणारं कोणी नाही म्हणून ती जास्तच उत्साहात असते, चादर लागली तरी पाय उडतो, पायाची बोटं हाताने खाली दाबली तरी अख्खा पाय पोटाकडे येतो. ब्रेन डेड झालेल्या माणसाचा पायसुद्धा कधी कधी असा ओढला जातो, नातेवाईकांना ते बघणं फार अवघड जातं, म्हणून डॉक्टरांनी ते आधीच समजावून सांगायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. सुधारणा बघायची असेल तर वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात, सांगितल्यावर अंगठा हलतो का, डोळे मिटून कुठल्या बोटाला हात लावला ते सांगता येतं का, गुदद्वाराजवळ स्पर्श कळतो का. शेवटची टेस्ट पेशंटला आवडत नाही पण सगळ्यात जास्त तीच सांगून जाते. आणि तळव्याला काहीतरी चोळून पाय उडवून दाखवायचा आणि 'आमच्या तेलाने पॅरालिसिस बरा' असे जे व्हिडिओ फिरतात ना, त्यातल्या बऱ्याच व्हिडिओत दिसणारा पाय मला ओळखीचा वाटतो, तोच टुणकन उडणारा, अंगठा वर. पैसे घालवू नका प्लीज.

ह्या रिफ्लेक्सचा उपयोगच नाही असं मात्र कोणी समजू नका. डेन्मार्कच्याच लोकांनी पॅरालिसिसच्या, म्हणजे अर्धांगवायू झालेल्या पेशंटना चालवताना टाच उचलायच्या नेमक्या क्षणी तळव्याच्या कमानीला शॉक देऊन बघितलं, पाय आपोआप वाकतो आणि पुढे टाकायला सोपा जातो. २०१४ मध्ये त्यांनी रीतसर ट्रायल घेऊन चालणं सुधारल्याचं छापलं. आमच्याकडे ती मशीन नाही, आम्ही अजून हाताने गुडघा उचलून देतो आणि "टाका, टाका पुढे" म्हणत ओरडतो.

मणक्याच्या पेशंटच्या घरच्यांना मी पाय उडण्याचा दुसरा उपयोग शिकवते. पेशंटला खाली दुखत नाही, पण मेरुरज्जूला सगळं कळतंय. म्हणून पाय नेहमीपेक्षा अचानक जास्त उडायला लागले तर आधी बॅक्लोफेनची (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी) गोळी वाढवायची घाई करू नका, शोधा. माकडहाडाजवळ बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झालाय का, लघवी तुंबलीय किंवा इन्फेक्शन झालंय का, पोट साफ झालंय का, लघवीची नळी कुठे मुडपली आहे का, चादरीला सुरकुती पडून टोचतेय का. त्या तेलवाल्या वहिनींचा डिस्चार्जनंतर एकदा फोन आला, उजवा पाय रात्रभर उडतोय, झोपू देत नाही. मी म्हटलं वरपासून खालपर्यंत बघा आणि फोटो टाका. सगळं ठीक होतं, फक्त अंगठ्याचं नख कोपऱ्यात आत घुसलेलं आणि बाजू लाल झालेली. गावातल्या डॉक्टरांनी नख काढलं, ड्रेसिंग केलं, थोड्या दिवसांत पाय पुन्हा नेहमीइतकाच उडायला लागला. आता वहिनी नखं स्वतः कापतात, आडवी सरळ, कोपरे न गोलावता, आणि शेजारच्या वॉर्डातल्या ओळखीच्या बाईलाही फोनवर तेच सांगितलंन असं ऐकलं.